कन्सोलच्या दोन पिढ्या आणि पुणे परिसरातील व्हिडिओ गेमनिर्मिती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास प्रामुख्याने वाहननिर्मितीच्या अंगाने लिहिला गेला आहे. टेल्कोने १९६६ मध्ये येथे पाय रोवले आणि तिच्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे विणले गेले. त्यांपैकी अनेकांचे काम जॉबवर्कचे होते : ड्रॉइंग दुसऱ्याचे, कारागिरी आपली. १९९८ मध्ये 'इंडिका' ही मोटार आली तेव्हा, बाह्यरूपासाठी इटालियन साहाय्य घेतले असले तरी, संपूर्ण वाहन योजण्याची जबाबदारी येथील अभियंत्यांनी पेलली. भाग घडविण्यापासून वस्तू योजण्यापर्यंतचा असाच प्रवास शेजारच्या पुणे शहरातील व्हिडिओ गेमनिर्मितीत कसा झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पिढीबदलाचे स्वरूप

गेम कन्सोलची नवी पिढी साधारणतः सहा-सात वर्षांनी येते. प्लेस्टेशन २ (२०००) या यंत्राची मुख्य मेमरी ३२ एमबी होती; प्लेस्टेशन ४ मध्ये (२०१३) ती ८ जीबी झाली. मात्र प्रश्न केवळ क्षमतेचा नसतो. प्लेस्टेशन ३ (२००६) मधील 'सेल' प्रोसेसरची रचना इतकी वेगळी होती की आधीच्या यंत्रासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचा मोठा भाग नव्याने लिहावा लागे. नवे यंत्र आले तरी जुने घरोघरी असतेच. त्यामुळे निर्मात्यास काही काळ दोन्ही पिढ्या सांभाळाव्या लागतात.

भारतात या संधिकाळानेच वाट करून दिली. हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान : बॉय वॉरियर' (२००९) आणि मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' (२०१०) हे खेळ, प्लेस्टेशन ३ बाजारात असतानाही, प्लेस्टेशन २ साठी निघाले. 'रा.वन' चित्रपटावरील खेळ २०११ मध्ये दोन्ही यंत्रांवर आला.

पुण्यातील दोन उदाहरणे

२००८ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने गेमलॉफ्टकडून पुण्यातील स्टुडिओ ताब्यात घेतला. 'जस्ट डान्स' या मालिकेच्या निर्मितीत या स्टुडिओचा सहभाग राहिला. या मालिकेचा २०१९ मधील खेळ २००६ च्या वी आणि २०१७ च्या स्विच या दोन्ही कन्सोलवर प्रसिद्ध झाला. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या २००३ मधील खेळाची नवी आवृत्ती पुणे व मुंबई येथील स्टुडिओ करीत असल्याचे जाहीर झाले. पहिल्या चित्रफितीतील दृश्यांवर टीका झाली, प्रकाशन लांबले. मे २०२२ मध्ये काम मूळ खेळ घडविणाऱ्या माँट्रियल स्टुडिओकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. माँट्रियललाही तो तडीस नेता आला नाही, हे पाहता केवळ पुणे-मुंबईच्या कौशल्यावर ठपका ठेवणे न्याय्य ठरणार नाही.

दुसरे उदाहरण पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेचे आहे. राजस्थानी वास्तू व पहाडी चित्रशैली यांवर आधारलेला तिचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम ४ जीबी मेमरीच्या स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व संगणक यांवर. अनरिअल इंजिन या तयार साधनामुळे एकच खेळ भिन्न यंत्रांवर नेणे छोट्या संघालाही शक्य झाले. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्स या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या विभागात त्यास नामांकन मिळाले.

समारोप

ड्रॉइंगमध्ये माप असते. मापामागचे कारण नसते. जुना खेळ नव्या पिढीत नेताना काय राखावे आणि काय सोडावे, हा निर्णय त्या कारणाच्या ज्ञानावर अवलंबून असतो. 'राजी'च्या निर्मात्यांना हे ज्ञान स्वाभाविकपणे उपलब्ध होते, कारण मूळ योजना त्यांचीच होती. दुसऱ्याची कृती पुन्हा घडविणाऱ्यास ते प्रयासाने मिळवावे लागते. पिंपरीच्या पट्ट्याला जॉबवर्कपासून 'इंडिका'पर्यंत पोहोचण्यास बत्तीस वर्षे लागली. हा कालावधी गेमनिर्मितीत कमी व्हावयाचा असेल, तर महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत साधन चालविण्याच्या शिक्षणाइतकेच महत्त्व योजनेच्या, म्हणजेच कथा, चित्रकला व यंत्ररचना यांच्या एकत्रित, शिक्षणास द्यावे लागेल. यंत्राची पिढी बदलली की साधने कालबाह्य होतात. योजनेची जाण मात्र पुढील पिढीतही उपयोगी पडते.