कॅमेरा : सुट्या लेन्सचा की एकसंध झूमचा?

नवा कॅमेरा घ्यायला निघालेल्या हौशी छायाचित्रकारापुढे दोन पर्याय असतात. लेन्स काढून दुसरी बसवता येणारा एसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा हा एक, तर एकच लेन्स कायमची जोडलेला 'सुपरझूम' हा दुसरा. बाह्यरूपात दोन्ही बरेचसे सारखे दिसत असले, तरी आतला फरक मूलभूत आहे.

हा फरक सेन्सरचा आहे. बहुतेक सुपरझूममधील सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. सुट्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत सर्रास आढळणारा एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास तेरापट. अजस्र झूम शक्य होतो तो या लहानपणामुळेच. २०१५ मध्ये आलेल्या निकॉन कूलपिक्स पी-९०० ची लेन्स प्रत्यक्षात ४.३ ते ३५७ मिलिमीटरची. परंतु तिचा दृश्यकोन ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावरील २४ ते २००० मिलिमीटर लेन्सइतका होता. जाहिरातीतील '८३ पट' हा आकडा म्हणजे या दोन टोकांचे गुणोत्तर. एवढ्या पल्ल्याची लेन्स एसएलआरला लावायची तर ती वाहून नेणाऱ्या माणसाची सोय आधी करावी लागेल.

ठाणे खाडीतील फ्लेमिंगोंचे उदाहरण घेता येईल. स्वच्छ उन्हात चिखलात संथपणे चरणारा पक्षी सुपरझूम उत्तम टिपतो. तोच थवा पहाटेच्या अंधूक प्रकाशात उडाला, की कॅमेऱ्याची कसोटी लागते. पूर्ण झूमवर पी-९०० चे छिद्र एफ ६.५ पर्यंत आक्रसते; शटरचा वेग राखण्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो आणि इवल्या सेन्सरवर चित्र रवाळ होते. येथे मोठा सेन्सर निर्विवाद सरस ठरतो.

मात्र त्यासाठी लेन्सही तशीच हवी. अनेक जण सारे पैसे कॅमेऱ्याच्या बॉडीवर खर्च करतात आणि सोबत मिळालेल्या १८-५५ लेन्सवर अडकून पडतात. तिचा झूम जेमतेम तिप्पट. खाडीतला फ्लेमिंगो तिच्यातून गुलाबी ठिपका दिसतो. निदान ३०० मिलिमीटरपर्यंतच्या लेन्सची किंमत धरूनच बॉडी निवडावी. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट आणल्यानंतर अनेकांनी जुने एसएलआर विकायला काढले. नीट पारखून घेतलेला असा जुना संच नव्या सुपरझूमपेक्षा पुष्कळदा अधिक शहाणपणाचा ठरतो.

दोहोंच्या मधला मार्गही आहे. २०१७ मधील सोनी आरएक्स-१० मार्क ४ मध्ये लहान सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर आणि २४ ते ६०० मिलिमीटरइतका पल्ला एकत्र आला. वजन मात्र किलोहून अधिक, आणि किंमत चांगल्या एसएलआरच्या तोडीची.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, हेही विसरू नये. सुटी लेन्स तेवढी दुरुस्तीला देता येते. सुपरझूमचा मात्र अख्खा कॅमेराच दुकानात अडकतो. सुट्या लेन्सच्या कॅमेऱ्यात लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते. ती साफ करून घेणे तुलनेने सोपे. कोणताही कॅमेरा घेतला, तरी जून ते सप्टेंबर तो चामड्याच्या पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा.