सुगंधद्रव्ये, कृत्रिम (त्वचाप्रसाधनांतील)

क्रीम, लोशन, पावडर, साबण यांना वास देण्यासाठी संश्लेषणाने बनवलेली रासायनिक संयुगे. एका मिश्रणात ती डझनावारी असू शकतात; वेष्टनावर बहुधा ‘परफ्यूम’ एवढेच छापलेले असते. ठाण्याला लागून असलेल्या मुलुंडशी या धंद्याचे जुने नाते आहे. १९२२ साली स्थापन झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी ही सुगंधनिर्मितीतील संस्था मुलुंडमध्ये वाढली, तर मुलुंड पूर्वेच्या वझे महाविद्यालयात (स्थापना १९८४) सुगंध व प्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम शिकवला जातो.

मुख्य धोका ॲलर्जीचा. हे लहान रेणू त्वचेत शिरून प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांची ओळख धरून ठेवते. पुढे तेच द्रव्य पुन्हा लागले, की एक-दोन दिवसांत खाज आणि पुरळ येते. ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही, आणि ती वर्षानुवर्षे बिनतक्रार वापरलेल्या क्रीमनेही जडू शकते. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही; काळपट डाग तेवढा उरतो. तो झाकायला पुन्हा सुवासिक क्रीमच लावली जाते, हे दुर्दैव.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही समजूत मात्र टिकत नाही. ॲलर्जीच्या निदानासाठी पाठीवर ४८ तास पट्टी लावून जे आठ घटकांचे प्रमाणित मिश्रण तपासतात, त्यात लवंगेतले युजेनॉल आहे आणि दगडफुलासारख्याच एका लायकेनचा, ओकमॉसचा, अर्कही आहे. महत्त्वाचे ठरते ते प्रमाण आणि द्रव्य अंगावर किती वेळ राहते ते. म्हणून धुऊन टाकायच्या उटण्यापेक्षा रात्रभर राहणाऱ्या क्रीमबाबत नियम कडक असतात. युरोपीय संघात धुतल्या जाणाऱ्या उत्पादनात ०.०१ टक्के, तर अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्के ओलांडताच ॲलर्जीकारक द्रव्याचे नाव छापावे लागते. ही यादी २००३ मध्ये २६ द्रव्यांची होती. २०२३ च्या नियमाने ती ऐंशीच्या पुढे गेली. प्रजननक्षमतेला बाधक ठरवलेल्या लिलिअल या सुगंधद्रव्यावर तेथे मार्च २०२२ पासून बंदी आहे.

भारतात १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आणि भारतीय मानक ४७०७ लागू आहेत. घटकांची यादी छापणे बंधनकारक असले, तरी सुगंध तीत एकाच नावाखाली येतो. ‘अनसेंटेड’ उत्पादनातही कच्च्या मालाचा वास दाबणारे सुगंधद्रव्य असू शकते.