पर्यटन कंपनीचे समभाग : गल्ल्यातील रोकड कोणाची?

उन्हाळी सुटीतील परदेश सहलीचे पैसे मध्यमवर्गीय कुटुंबे दिवाळीनंतर भरू लागतात. सहल निघते एप्रिल-मे महिन्यांत. विमान कंपनी, परदेशातील हॉटेले व बसवाले यांची बहुतांश देणी सहल कंपनी त्याच सुमारास चुकती करते. मधल्या काळात हा पैसा कंपनीच्या खात्यात पडून असतो आणि नेमक्या ३१ मार्चच्या ताळेबंदात 'रोख व बँक शिल्लक' या सदराखाली झळकतो. पर्यटन कंपनीचा समभाग विकत घेऊ पाहणाऱ्याने सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे, की ही सारी रोकड कंपनीच्या मालकीची नसते. ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला, चालू देण्यांमध्ये, 'ग्राहकांकडून मिळालेल्या आगाऊ रकमा' असे सदर असते. ही रक्कम रोख शिल्लकेतून वजा केल्यावर जे उरते, ते कर्जाशी ताडून पाहावे. पुष्कळदा उत्तर उणे येते.

उणे उत्तर म्हणजे कंपनी वाईट, असे मात्र नव्हे. ग्राहकाच्या पैशावर, बिनव्याजी भांडवलावर धंदा चालवणे हीच या व्यवसायाची खुबी आहे. नवी नोंदणी येत राहते तोवर चक्र सुरळीत फिरते. ती थांबली की तेच चक्र उलटे फिरू लागते. मार्च २०२० मध्ये नेमके हेच घडले. टाळेबंदीमुळे देशांतर्गत विमानसेवा दोन महिने बंद राहिली आणि नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे २७ मार्च २०२२ रोजीच पूर्ववत झाली. नवी नोंदणी शून्य, जुने ग्राहक परतावा मागत आहेत आणि पगार-भाडी चालूच, अशा अवस्थेत कंपनी किती महिने तग धरू शकली, हे २०२०-२१ च्या वार्षिक अहवालात वाचायला मिळते. नफ्याच्या वर्षांतील दहा अहवालांपेक्षा हा एक अहवाल अधिक सांगून जातो.

मुंबईत मुख्यालय असलेल्या कॉक्स अँड किंग्जचे उदाहरण तर विसरता येण्याजोगे नाही. १७५८ पासूनचा वारसा सांगणाऱ्या या कंपनीने २००९ मध्ये ३३० रुपये दराने समभागांची प्रारंभिक विक्री केली आणि २०११ मध्ये ब्रिटनमधील हॉलिडेब्रेक ही कंपनी कर्ज काढून विकत घेतली. जून २०१९ मध्ये मात्र दीडशे कोटी रुपयांच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांची परतफेड तिला जमली नाही. त्याच कंपनीच्या ताळेबंदात त्याच्या कित्येक पट रोकड दाखवलेली होती! ऑक्टोबर २०१९ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, डिसेंबर २०२१ मध्ये अवसायनाचा आदेश निघाला. अशा वेळी बँका व अन्य धनकोंचे दावे भागल्यावरच भागधारकाची पाळी येते, आणि तेथवर सहसा काही उरत नाही.

येथे सामान्य वाचकालाही दोन प्रश्न विचारता आले असते. तिजोरीत एवढी रोकड असताना कंपनी व्याज भरून कर्ज का घेते? आणि ग्राहकाकडून आगाऊ पैसे घेणाऱ्या व्यवसायात 'येणे बाकी' एवढी का फुगते? दुसऱ्या प्रश्नाला काही प्रमाणात सबळ उत्तर असते, कारण मोठ्या उद्योगांच्या प्रवासाचे काम उधारीवर चालते. तथापि उलाढालीपेक्षा येणे अधिक वेगाने वाढू लागले, तर लेखापरीक्षकांच्या टिपा बारकाईने वाचाव्यात.

ब्रिटनमधील थॉमस कुकची कथा निराळी. २००७ मधील मायट्रॅव्हलच्या विलीनीकरणातून ताळेबंदात बसलेले 'गुडविल' तिने मे २०१९ मध्ये १.१ अब्ज पौंडांनी कमी केले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती कोसळली. भारतातील थॉमस कुक २०१२ पासूनच कॅनडातील फेअरफॅक्स समूहाकडे असल्याने तिचा या घटनेशी आर्थिक संबंध नव्हता. नाव एक, मालक भिन्न; समभाग घेताना मालकी पाहायची असते, पाटी नव्हे.

उलाढालीच्या आकड्यांनीही फसगत होते. एक लाख रुपयांची सहल स्वतः आखून विकणारी कंपनी पूर्ण लाख रुपये उत्पन्न म्हणून दाखवते. तेवढ्याच किमतीची विमान तिकिटे विकणारे संकेतस्थळ केवळ आपले कमिशन व सेवाशुल्क दाखवते. त्यामुळे दोघांच्या नफ्याच्या टक्केवारीची थेट तुलना निरर्थक ठरते. हंगामाचेही तसेच. एप्रिल-जून तिमाहीची तुलना मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी करावी, जानेवारी-मार्चशी नव्हे.

आयआरसीटीसीला हे निकष पुरेसे पडत नाहीत. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटांची जवळपास मक्तेदारी असलेल्या या सरकारी कंपनीचा समभाग ऑक्टोबर २०१९ मध्ये ३२० रुपयांना विकला गेला आणि दुपटीहून अधिक भावाने बाजारात नोंदला गेला. पण मक्तेदारी देणारा हात तिचा मोबदलाही ठरवतो. तिकिटांवरील सुविधा शुल्क नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झाले होते, ते सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे समभाग विक्रीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाले. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी या शुल्काचा निम्मा वाटा रेल्वे मंत्रालयाने मागितल्याचे जाहीर होताच दुसऱ्या दिवशी समभाग एका टप्प्यावर पाव हिश्श्याहून अधिक घसरला. त्याच दिवशी निर्णय मागे घेण्यात आला. घाबरून सकाळी विकणाऱ्यांचे नुकसान मात्र मागे घेता आले नाही.

प्रत्यक्ष खरेदीची यंत्रणा आता सोपी आहे. डीमॅट खाते असले की व्यवहाराच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी समभाग जमा होतात. अवघड आहे ते त्यापूर्वीचे वाचन. वार्षिक अहवाल आणि प्रवर्तकांनी किती समभाग तारण ठेवले आहेत याचा दर तिमाहीचा तपशील मुंबई व राष्ट्रीय शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतो. सहलीच्या हंगामातील जाहिराती पाहून भाव चढलेले असताना एकरकमी उडी घेण्यापेक्षा ३० सप्टेंबरचा सहामाही ताळेबंद येईपर्यंत थांबावे. तोवर मे महिन्याच्या सहली परतलेल्या असतात आणि पुढील उन्हाळ्याची आगाऊ रक्कम अद्याप यायची असते.