एक भाग बंद पडला, तरी सेवा सुरू!

ऑगस्ट २००८ मध्ये, घरपोच डीव्हीडी पाठविणाऱ्या अमेरिकेतील 'नेटफ्लिक्स' कंपनीच्या मुख्य डेटाबेसमध्ये बिघाड झाला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठविणेच अशक्य झाले. सारा कारभार एकाच ठिकाणी एकवटल्याने एक दोष संपूर्ण व्यवसायाला भोवला. त्यानंतर कंपनीने आपली यंत्रणा नव्याने रचून 'ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस'च्या भाड्याच्या सर्व्हरवर नेण्याचे ठरविले. हे स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले. त्याच महिन्यात भारतासह १३० हून अधिक देशांत नेटफ्लिक्सची सेवा सुरू झाली.

नेमका बदल कोणता?

पूर्वीच्या अखंड प्रणालीची विभागणी शेकडो छोट्या, स्वतंत्र सेवांमध्ये करण्यात आली. ग्राहकाची ओळख पटविणे, चित्रपट सुचविणे, चित्रफीत सुरू करणे अशी कामे निरनिराळ्या सेवांकडे सोपविण्यात आली. या सेवा ठराविक स्वरूपाच्या संदेशांद्वारे परस्परांशी व्यवहार करतात. एकीची अंतर्गत रचना दुसरीला ठाऊक असण्याची गरज नसते. त्यामुळे एखाद्या सेवेवरील भार वाढल्यास केवळ तिच्यासाठी जादा सर्व्हर जोडता येतात. चित्रपट सुचविणारी सेवा कोलमडली, तर सर्वांसाठी सारखीच असलेली यादी दाखविता येते. चित्रपट पाहणे थांबत नाही.

ही तयारी कागदावरच राहू नये, यासाठी अभियंत्यांनी 'केऑस मंकी' हा प्रोग्रॅम लिहिला. तो कामकाजाच्या वेळेत कोणताही सर्व्हर अचानक बंद करतो आणि उर्वरित यंत्रणा तग धरते का, याची परीक्षा घेतो.

विभागणी पुरेशी नाही

तथापि, २४ डिसेंबर २०१२ रोजी, ऐन नाताळच्या पूर्वसंध्येला, या रचनेतील उणीव उघड झाली. ॲमेझॉनच्या अमेरिकेतील पूर्व विभागात, सर्व्हरवरील भार वाटून देणाऱ्या यंत्रणेची माहिती देखभालीच्या वेळी चुकून पुसली गेली आणि अनेक ग्राहकांना चित्रपट पाहता येईनात. सेवा शेकडो होत्या. मात्र त्यांच्यापर्यंत जाणारा मार्ग एकाच विभागातून होता. पुढे २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेतील दोन विभागांतून एकाच वेळी सेवा पुरविण्याची व्यवस्था केली.

अर्थात, विभागणीची किंमतही मोजावी लागते. सेवांची संख्या वाढते तशी त्यांच्यातील संदेशांची ये-जा वाढते आणि दोषाचे मूळ शोधणे अवघड होते. म्हणूनच किती तुकडे केले, यापेक्षा सर्वांचा भार नकळत कोणत्या एका ठिकाणी येतो, हे तपासणे अधिक महत्त्वाचे ठरते.