माळव्याची अफू आणि आपला मांडव

नशामुक्तीच्या कार्यक्रमाचा एक साचा ठरून गेला आहे. 26 जूनला फलक लागतो, शपथ होते, फोटो निघतो. आम्हा सरकारी नोकरांना तर ती शपथ आता तोंडपाठ आहे. पण या तारखेचा आपल्या माळव्याशी जुना संबंध आहे, हे आम्हा इंदूरकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

1839 च्या जूनमध्ये चीनचे अधिकारी लिन झेशू यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतलेली होती. ती त्यांनी हूमेन येथे मीठ व चुना घालून नष्ट केली. 26 जून हा दिवस त्या घटनेची आठवण देतो. त्या पेट्यांत बंगालच्या अफूबरोबर माळव्याचीही अफू होती.

होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकणारी ही अफू ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मक्त्यात आणता आली नाही. व्यापारी ती कराची-दमणच्या वाटेने बाहेर काढत. म्हणून 1830 मध्ये कंपनीने परवाना सुरू केला. पेटीमागे 175 रुपये भरायचे आणि माल मुंबईला न्यायचा. इंदूर हे या व्यवहाराचे मोठे ठाणे. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि 1847 पर्यंत हा दर 400 रुपयांवर गेला.

सरकारला महसूल, शेतकऱ्याला रोकड, सावकाराला नफा. घरातही अफू मानाने वावरत होती. पाहुण्याला कसुंबा, रडणाऱ्या तान्ह्याला बाळगोळी. 1893 मध्ये नेमलेल्या अफू आयोगालाही बंदीची गरज वाटली नाही. व्यसन असे सभ्य कपड्यांत येते, तेव्हा त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

ते म्हणायला समाजालाच पुढे यावे लागते. 1908 मध्ये पुण्यात लोकमान्यांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहिले आणि गिऱ्हाइकांना विनवून परत फिरवू लागले. ज्यांनी उत्सव चौकात आणला, त्यांनीच हे कामही चौकात आणले.

आज मंदसौर-नीमचची अफू परवान्याने पिकते व तिच्यापासून औषधे होतात. त्यांतलेच कोडीन असलेले खोकल्याचे औषध काही मुले नशेसाठी पितात. बाटली औषधाच्या दुकानातली, म्हणून घरात संशय येत नाही. आला तरी आपण गप्प बसतो. लोक काय म्हणतील, बहिणीचे लग्न अडेल, पोलीस मागे लागतील.

यातली शेवटची भीती तरी कमी करता येते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात कलम 64-अ आहे. अल्प प्रमाणात वा स्वतःच्या सेवनापुरता गुन्हा असलेला व्यसनी आपण होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

म्हणून यंदा मांडवात भाषण आणि शपथ पुरे झाली असे आम्हांला वाटते. आरतीनंतर वीस मिनिटे डॉक्टर बसावेत. शेजारी एक डबा असावा, त्यात नाव न घालता प्रश्नाच्या चिठ्ठ्या पडाव्यात आणि उत्तरे सगळ्यांसमोर मिळावीत. विचारणारी आई कोण, हे कुणाला कळायला नको. उत्तर मात्र तिच्यापर्यंत पोहोचावे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी 14446 ही आहे, फोनला पैसे पडत नाहीत. हा आकडा प्रसादाच्या पुडीवर छापला, तर तो प्रत्येक घरात जाईल.