हनुवटीच्या आतलं हाड

माझे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. दंतवैद्य याला 'क्लास थ्री' म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांच्या १८९९च्या वर्गीकरणातलं. अशा जबड्याचा इतिहास सांगताना लोक थेट हॅब्सबर्ग राजघराण्याकडे जातात. सम्राट पाचव्या चार्ल्सला (१५००–१५५८) तोंड नीट मिटता येत नसे, असं त्याच्या समकालीनांनीच लिहून ठेवलंय. २०१९ साली स्पॅनिश संशोधकांनी या घराण्यातल्या मंडळींची ६६ चित्रं शल्यचिकित्सकांकडून तपासून घेतली आणि पुढे आलेल्या जबड्याचा नात्यातल्या लग्नांशी संबंध जोडला.

पण चित्रात दिसते ती हनुवटी. दाताच्या मुळाभोवतीचं हाड दिसत नाही.

क्ष-किरणांचा शोध १८९५चा. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत हॉफराथ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, डोकं ठरावीक स्थितीत धरून बाजूनं क्ष-किरण चित्र घ्यायची पद्धत मांडली. जबड्याची लांबी, दातांचा कल मोजता येऊ लागला. १९५७ साली ओब्वेगेसर यांची जबडा चिरून सरकवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. तरी बाजूच्या चित्रात पुढचे सगळे दात एकावर एक पडतात. एकेका दाताभोवती हाड किती, हे त्यात कळत नाही. १९९८ साली इटलीतल्या संशोधकांनी दातांसाठीच्या त्रिमितीय सीटीचं यंत्र मांडलं, तेव्हा ते कळू लागलं.

त्यात दिसलं ते असं: जबडा पुढे गेला की शरीर जुळवून घेतं. खालचे दात जिभेकडे कलतात आणि त्यांच्या पुढचं-मागचं हाड बऱ्याचदा पातळ असतं. आम्ही प्रोग्रॅमर याला पॅच म्हणू. शस्त्रक्रियेपूर्वी तारा लावून हाच पॅच काढायचा असतो, म्हणजे दात पुन्हा पुढे आणायचे. मोठ्या माणसात त्यासाठी नवं हाड सहसा वाढत नाही. दात हाडाबाहेर ढकलला गेला, तर हिरडी उतरते आणि मूळ उघडं पडतं.

माझ्या स्कॅनमध्ये खालच्या दोन दातांपुढे हाडाची रेघच दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, "अगदी पातळ हाड स्कॅनमध्येही सुटतं. असेलही." मला वर्षभरात सगळं उरकायचं होतं. आता आधी हिरडीवर उपचार, मग तारा, त्याही हळूहळू. हनुवटी थांबेल.