पैसा, पक्ष आणि मतदार : निवडणूक देणग्यांचा कायदा कसा घडला, कुठे अडला

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही आपल्याकडची जुनी म्हण. राजकीय पक्षांना मिळणाऱ्या देणग्यांविषयीचा सगळा वाद या एका म्हणीत सामावलेला आहे. पक्ष चालवायला पैसा लागतो. कार्यालये, कार्यकर्ते, सभा, वाहने, जाहिराती यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागत नाही. तो कोणीतरी देतो. देणारा कोण, किती देतो आणि त्याबदल्यात काय मिळवतो, हे मतदाराला कळावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्याने गेल्या सात दशकांत अनेकदा बदलले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांची योजना रद्द केली, तो या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. त्या निकालाची पार्श्वभूमी, त्यातील तत्त्व आणि त्यानंतर उरलेले प्रश्न यांचा हा संक्षिप्त आढावा.

मुंबई उच्च न्यायालयाचा इशारा

कंपन्यांच्या राजकीय देणग्यांचा प्रश्न न्यायालयासमोर ठळकपणे आला तो मुंबईत. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या उद्देशांच्या यादीत बदल करायचा होता. १९५७ साली हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यासमोर आले. कायद्यात अशा देणग्यांना मनाई नसल्याने न्यायालयाने बदलास मान्यता दिली. मात्र, धनिकांच्या देणग्यांवर पक्ष पोसले जाऊ लागले तर नवजात लोकशाहीला मोठा धोका संभवतो, याकडे छागला यांनी निकालपत्रात गंभीरपणे लक्ष वेधले आणि संसदेने या विषयाचा विचार करावा, असे सुचवले.

संसदेने १९६० मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती करून देणग्यांना मर्यादा घातली. वर्षाला २५ हजार रुपये किंवा सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढीच देणगी कंपनीला देता येऊ लागली. १९६९ मध्ये इंदिरा गांधी यांच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. परंतु बंदीमुळे पक्षांची गरज संपली नाही. पैशाची वाट तेवढी बदलली. धनादेशाने येणारा पैसा रोखीने येऊ लागला आणि त्याचा हिशेब कोणत्याच कागदावर उरला नाही. अखेर १९८५ मध्ये राजीव गांधी यांच्या काळात नफ्याच्या ५ टक्के मर्यादेसह या देणग्या पुन्हा कायदेशीर झाल्या. २००३ च्या कायद्याने देणग्यांवर करसवलत दिली आणि २० हजार रुपयांहून अधिक देणगी देणाऱ्यांची माहिती निवडणूक आयोगाला कळवणे पक्षांवर बंधनकारक केले. २०१३ च्या कंपनी कायद्याने ही मर्यादा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर नेली.

मर्यादा उमेदवाराला, मोकळीक पक्षाला

देणगीची ही एक बाजू झाली. खर्चाची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये असा निर्वाळा दिला की, उमेदवारासाठी त्याच्या पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला पाहिजे. अन्यथा मर्यादेला अर्थच उरत नाही. त्याच वर्षी संसदेने कायद्यात स्पष्टीकरण जोडून हा निकाल निष्प्रभ केला. २००३ मध्ये ही सूट काहीशी आवळण्यात आली. तरीही नामांकित प्रचारकांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही उमेदवाराच्या हिशेबाबाहेर राहतो. पक्षाने एकूण किती खर्च करावा, याला तर कोणतीही मर्यादा नाही.

गोव्यासारख्या छोट्या राज्यात याचा अर्थ अधिक स्पष्ट दिसतो. २०२२ पासून गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाख रुपये, तर लोकसभेच्या उमेदवाराला ७५ लाख रुपये खर्च करता येतात. मोठ्या राज्यांत ही मर्यादा अनुक्रमे ४० लाख आणि ९५ लाख आहे. आकडे पाहता गोव्याची मर्यादा कमी वाटते. परंतु २०२२ च्या निवडणुकीत राज्यातील साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार ४० मतदारसंघांत विभागलेले होते. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी २९ हजारांच्या आतबाहेर मतदार. २८ लाखांना या संख्येने भागले तर दर मतदारामागे जवळपास शंभर रुपये कायदेशीरपणे खर्च करता येतात. लोकसंख्येने मोठ्या राज्यातील लोकसभा मतदारसंघात पंधरा ते वीस लाख मतदार असतात. तिथे ९५ लाखांच्या मर्यादेत हा आकडा पाच-सहा रुपयांवर येतो. त्यात भर म्हणजे गोव्यात जय-पराजय अनेकदा काही शे मतांवर ठरतो. २०२२ मध्ये सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल अवघ्या ७६ मतांनी लागला. मतदारसंघ जितका लहान, तितके पैशाचे एकेक नाणे जड.

रोख्यांची योजना

तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी १ फेब्रुवारी २०१७ रोजी अर्थसंकल्पात निवडणूक रोख्यांची घोषणा केली. रोखीने द्यावयाच्या निनावी देणगीची मर्यादा २० हजारांवरून २ हजार रुपयांवर आणण्याचे पाऊलही त्याच अर्थसंकल्पातले. राजकारणातील काळा पैसा थांबवणे आणि देणगीदाराला विरोधी पक्षाच्या रोषापासून संरक्षण देणे, ही रोख्यांमागची सरकारची भूमिका होती. २ जानेवारी २०१८ रोजी योजना अधिसूचित झाली.

योजनेचे स्वरूप साधे होते. १ हजार, १० हजार, १ लाख, १० लाख आणि १ कोटी रुपये अशा मूल्यांचे रोखे स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून विकत घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे. पक्षाने ते १५ दिवसांत वटवायचे. आधीच्या लोकसभा वा विधानसभा निवडणुकीत किमान १ टक्का मते मिळवलेले नोंदणीकृत पक्ष यास पात्र होते. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नसे. खरेदीदाराची ओळख बँकेला ठाऊक असे, मतदाराला नसे.

या योजनेसाठी अनेक कायदे बदलण्यात आले. कंपनी कायद्यातील साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली. कोणत्या पक्षाला देणगी दिली, हे कंपनीने आपल्या हिशेबात सांगण्याचे बंधन गेले. रोख्यांतून मिळालेल्या रकमेची माहिती आयोगाला देण्यापासून पक्षांना सूट मिळाली. परिणामी तोट्यातील कंपनी किंवा केवळ कागदावर असलेली कंपनीही हवी तितकी रक्कम, कोणालाही न सांगता, पक्षाला देऊ शकत होती. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्ये विधी मंत्रालयाला पत्र लिहून पारदर्शकतेच्या दृष्टीने हे मागे नेणारे पाऊल असल्याचे कळवले होते. रिझर्व्ह बँकेनेही आपला आक्षेप नोंदवला होता.

याच काळात परदेशी देणग्यांचा कायदाही बदलला, आणि त्यात गोव्याच्या परिचयाचे एक नाव येते. वेदान्त समूहातील स्टरलाइट आणि सेसा गोवा या कंपन्यांकडून काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी घेतलेल्या देणग्या परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याचा भंग करणाऱ्या आहेत, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. त्यानंतर २०१६ मध्ये परदेशी स्रोताची व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आली आणि २०१८ मध्ये तो प्रभाव थेट १९७६ पर्यंत मागे नेण्यात आला. एरवी एकमेकांच्या प्रत्येक शब्दाला विरोध करणाऱ्या पक्षांचे हित इथे एकच होते.

घटनापीठाचा निकाल

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि जया ठाकूर यांनी योजनेला आव्हान दिले होते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजीव खन्ना, न्या. भूषण गवई, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या घटनापीठाने एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. न्या. खन्ना यांनी स्वतंत्र, पण सहमतीचे निकालपत्र लिहिले.

निकालाचा गाभा दोन सूत्रांत सांगता येतो. पहिले, पक्षाला पैसा कोण देतो, हे जाणून घेणे हा मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा, म्हणजेच घटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) चा भाग आहे. मोठी देणगी देणाऱ्याला धोरण आखणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याची वाट मिळते आणि त्यातून देवाणघेवाणीची शक्यता निर्माण होते. म्हणून ही माहिती मत ठरवण्यासाठी आवश्यक ठरते. छोट्या देणगीदाराची राजकीय निष्ठा गोपनीय राहावी, हे न्यायालयाने मान्य केले, परंतु त्यासाठी सगळ्याच देणग्यांवर पडदा टाकणे समर्थनीय ठरत नाही. दुसरे सूत्र कंपन्यांविषयीचे. कंपनी आणि व्यक्ती यांना, तसेच नफ्यातील आणि तोट्यातील कंपनी यांना एकाच मापाने मोजून अमर्याद देणगीची मुभा देणे हे मनमानीचे असून अनुच्छेद १४ चा भंग करते.

न्यायालयाने १२ एप्रिल २०१९ पासूनचा तपशील जाहीर करण्याचा आदेश दिला. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक संपल्यानंतरची. ११ मार्च रोजी न्यायालयाने ती नाकारली आणि १४ मार्च रोजी आयोगाच्या संकेतस्थळावर याद्या प्रसिद्ध झाल्या.

याद्यांनी काय सांगितले

२०१८ ते जानेवारी २०२४ या काळात ३० टप्प्यांत सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. जाहीर झालेल्या कालखंडात भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०९ कोटी, काँग्रेसला सुमारे १,४२१ कोटी आणि भारत राष्ट्र समितीला सुमारे १,२१४ कोटी रुपये मिळाले. केंद्रातील सत्ताधाऱ्यांचा वाटा निम्म्याच्या जवळपास होता. राज्यात सत्ता असलेल्या प्रादेशिक पक्षांनाही भरघोस रकमा मिळाल्या होत्या. पैसा विचारसरणीपेक्षा सत्तेकडे झुकतो, एवढे यावरून दिसते. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि गोवा फॉरवर्ड या पक्षांची नावेही यादीत होती. त्यांच्या रकमा मात्र कोटीच्या आत होत्या.

खरेदीदारांत लॉटरी व्यवसायातील फ्युचर गेमिंग ही कंपनी सुमारे १,३६८ कोटींसह पहिली आणि पायाभूत प्रकल्पांतील मेघा इंजिनिअरिंग सुमारे ९६६ कोटींसह दुसरी होती. वेदान्तची खरेदी सुमारे ४०० कोटींची होती. काही देणगीदारांवर रोखेखरेदीच्या आगेमागे केंद्रीय यंत्रणांची कारवाई झाली होती, तर काहींना सरकारी कंत्राटे मिळाली होती, हे वृत्तपत्रांनी तारखा जुळवून दाखवले. मात्र तारखा जवळ असणे हा व्यवहाराचा पुरावा नव्हे. विशेष तपास पथक नेमण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली. त्यामुळे कोणत्या देणगीमागे कोणता व्यवहार होता, याचा एकत्रित छडा लागला नाही.

आज स्थिती काय?

निकालानंतर साडेसात टक्क्यांची मर्यादा आणि २० हजारांहून अधिक देणगीचा तपशील देण्याचे बंधन पुन्हा लागू झाले. मोठ्या कंपन्यांचा ओघ आता निवडणूक न्यासांकडे वळला आहे. कंपन्या न्यासाला देणगी देतात आणि न्यासाने वर्षभरातील किमान ९५ टक्के रक्कम पक्षांना वाटायची असते. न्यासाला दोन्ही याद्या आयोगाला द्याव्या लागतात. ही पद्धत रोख्यांहून निश्चितच पारदर्शक आहे. तरीही अनेक कंपन्यांचा पैसा एकाच न्यासात मिसळल्यावर कोणाचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला, हे सांगता येत नाही. शिवाय २० हजारांखालील देणग्यांचे दाते अज्ञातच राहतात.

इतर लोकशाही देशांनी वेगवेगळे मार्ग निवडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूक खर्चावरील बंधन उठवले. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कंपन्यांच्या देणग्याच बंद केल्या. भारतात इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये सरकारी निधीतून मर्यादित साहाय्य देण्याची शिफारस केली होती, तर विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात निवडणूक खर्चाच्या सुधारणा सविस्तर मांडल्या. पक्षांच्या खर्चाला मर्यादा मात्र अजून आलेली नाही.

मतदाराच्या हाती काही साधने आहेत. उमेदवाराचे मालमत्ता आणि गुन्ह्यांविषयीचे प्रतिज्ञापत्र आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. पक्षांना विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत तो द्यावा लागतो. पक्षांचे वार्षिक देणगी अहवालही प्रसिद्ध होतात. हे कागद फारसे कोणी उघडून पाहत नाही, हीच खरी अडचण आहे. आपल्या गावातील जमिनीचे रूपांतर, खाणीचा परवाना किंवा रस्त्याचे कंत्राट यांचा निर्णय घेणाऱ्या पक्षाला पैसा कोणी दिला, हे विचारण्याचा हक्क घटनापीठाने मतदाराला बहाल केला आहे. पुढच्या वेळी उमेदवार दारात येईल तेव्हा हा प्रश्न विचारायला कोणत्याही परवानगीची गरज नाही.